फ्रेडी मर्क्युरीचा आवाज : सप्तकांची मोजणी आणि त्यापलीकडचे काम

प्रश्न : रत्नागिरी, देवरुख आणि राजापूर भागातले आम्ही काही चाहते दर वर्षी २४ नोव्हेंबरला, म्हणजे ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या स्मृतिदिनी, एकत्र जमून त्याची गाणी ऐकतो. त्याचा आवाज चार सप्तकांचा होता, असे आमच्यातले काही जण ठामपणे सांगतात आणि त्यावरून दर वर्षी वाद होतो. आमच्यातला एक तरुण भजनी गायक त्याची गाणी मूळ पट्टीत गातो आणि नंतर चार-चार दिवस त्याचा घसा बसलेला असतो. पट्टी उतरवली तर तो मूळ गायकाचा अपमान ठरेल का? यंदा नुसते पडद्यावर व्हिडिओ न लावता काही वेगळे करायचे आहे, त्याबद्दलही सुचवावे.

उत्तर : चार सप्तकांच्या दाव्याला आजवर पुरावा मिळालेला नाही, आणि माझ्या मते फ्रेडीला त्या दाव्याची गरजही नाही. आवाजाचे अभ्यासक ख्रिश्चन हेर्बस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली त्याच्या आवाजाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी त्याच्या गायनाचे ध्वनिमुद्रित नमुने आणि मुलाखतींमधले बोलणे तपासले. गायनात त्यांना सापडलेला सर्वांत खालचा स्वर सुमारे ९२ हर्ट्झचा आणि सर्वांत वरचा सुमारे ७८४ हर्ट्झचा होता (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने). पेटीवर शोधायचे झाले तर हा पल्ला खर्जातल्या काळी तीनपासून सुरू होतो, पूर्ण तीन सप्तके ओलांडतो आणि त्यावरच्या पांढरी पाचवर थांबतो. म्हणजे तीन सप्तकांहून किंचित अधिक. चौथ्या सप्तकाची पुष्टी करता येईल असे काही त्यांना मिळाले नाही. आपल्या मंडळींनी वाद थांबवायचा असेल तर एवढे पुरेसे आहे. पण त्याच अभ्यासातली दुसरी एक गोष्ट मला याहून कितीतरी मोलाची वाटते आणि तिच्याविषयी चाहते सहसा बोलत नाहीत.

मुलाखतींमधल्या त्याच्या बोलण्याची मध्यम पट्टी सुमारे ११७ हर्ट्झ भरली. चारचौघांत बसून गप्पा मारणाऱ्या सर्वसाधारण पुरुषाची पट्टी याच्याच आसपास असते. यावरून अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला की फ्रेडीचा नैसर्गिक आवाज बहुधा बॅरिटोन, म्हणजे मध्यम-भारदस्त जातीचा होता, आणि ज्या उंच टेनर स्वरांसाठी जग त्याला ओळखते ते त्याने कमावलेले होते. मोन्सेरात काबाये या स्पॅनिश ऑपेरा-गायिकेबरोबर त्याने १९८७ साली एक गाणे आणि १९८८ साली पूर्ण अल्बम केला. त्या वेळी तिने त्याला त्याच्या मूळ, खालच्या आवाजात गाण्याविषयी सुचवले आणि चाहते आपल्याला ओळखणार नाहीत म्हणून त्याने ते टाळले, असे सांगतात. आवाज शिकवणाऱ्या माझ्यासारखीला यातून जे दिसते ते असे की आपण ज्याला देणगी म्हणतो त्यातला मोठा भाग निर्णयांचा होता. कोणत्या जागी छातीचा आवाज ठेवायचा, कुठे तो पातळ करत वर न्यायचा, कुठे तो सोडून खोट्या आवाजात शिरायचे, हे निर्णय त्याने ओळीओळीला घेतलेले आहेत. ते ऐकू येतात, आणि शिकताही येतात.

आपल्याकडे खोटा आवाज हा शब्द थोडा तुच्छतेने वापरला जातो. भजनात कोणी वरच्या स्वराला खोटा आवाज लावला की समोरची मंडळी हसतात. फ्रेडीने त्याचे वजन बदलले. एकाच ओळीत तो भरदार आवाजात चढतो आणि ऐन टोकाच्या जागी दाब काढून घेऊन हलक्या, जवळजवळ बायकी वाटणाऱ्या नादात शिरतो. ऐकणाऱ्याला तो सांधा जाणवतो, कारण तो लपवण्याचा त्याने प्रयत्नच केलेला नसतो. ही उणीव झाकण्याची युक्ती नव्हे. ओळीतल्या अर्थाला जिथे हळवेपणा हवा तिथे त्याने जोर सोडला आहे. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याचा पहिला, पियानोवरचा संथ भाग कानांवर हेडफोन लावून ऐका. ती जागा कशी ऐकायची हे तिथे कळते. त्याच गाण्याच्या ऑपेरासारख्या भागात जो सर्वांत उंच, टोचणारा स्वर येतो तो मात्र फ्रेडीचा नाही, ड्रमवादक रॉजर टेलरचा आहे. चार सप्तकांची दंतकथा वाढण्यामागे असे दुसऱ्याचे स्वर त्याच्या नावावर जमा होणे हेही एक कारण असावे, असा माझा अंदाज आहे.

त्याच्या आवाजाची आणखी दोन लक्षणे त्या अभ्यासात नोंदवलेली आहेत. लांबवलेल्या स्वरावर येणारे आंदोलन, ज्याला पाश्चात्त्य गायक व्हायब्राटो म्हणतात, ते त्याच्या बाबतीत सेकंदाला सुमारे ७ वेळा होते. ऑपेरा-गायकांत ते साधारणपणे साडेपाच ते सातच्या दरम्यान असते, म्हणजे फ्रेडी वरच्या टोकालाच होता. शिवाय त्याचे आंदोलन घड्याळासारखे नियमित नव्हते, थोडे अस्थिर होते. म्हणूनच त्याच्या लांब स्वरात एक प्रकारची थरथर, काहीतरी हातातून निसटेल की काय अशी धाकधूक वाटते. दुसरे लक्षण त्याच्या गुरगुरण्याचे. रॉकच्या जोरकस ओळींत त्याचा आवाज खरखरीत होतो. ती खरखर तपासण्यासाठी अभ्यासकांनी एका स्वीडिश रॉक-गायकाला तशा प्रकारे गायला लावून त्याच्या स्वरयंत्राचे सेकंदाला चार हजारांहून अधिक चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रण केले. त्यात असे दिसले की खऱ्या स्वररज्जूंबरोबर त्यांच्या वर असणाऱ्या, एरवी गाण्यात भाग न घेणाऱ्या खोट्या स्वररज्जूही कंप पावत होत्या. मध्य आशियातल्या तुवा प्रदेशातले कंठगायक खर्जाहून खोल नाद काढतात तोही याच खोट्या रज्जूंच्या साहाय्याने. आपल्या तरुण मित्राचा घसा बसण्याचे मूळ बहुधा इथेच आहे. त्याकडे पुढे येते.

फ्रेडीचे दात थोडे पुढे आलेले होते, कारण त्याच्या वरच्या जबड्यात चार जादा दात होते, आणि ते काढले तर आवाज बदलेल या भीतीने त्याने कधी उपचार घेतले नाहीत. दातांमुळे आवाज घडला असे मानणारे चाहते आहेत. मला ते पटत नाही. तोंडाच्या पोकळीचा आकार नादाच्या छटेवर परिणाम करतो हे खरे असले, तरी त्या दातांशिवाय हा आवाज कसा वाटला असता हे तपासण्याचा कोणताच मार्ग नाही. त्याच्या धूम्रपानामुळे आवाजाला गोडी आली, असेही काही जण सांगतात. ते तर कोणत्याही विद्यार्थ्याने मनावर घेऊ नये. स्वररज्जूंवर गाठी आल्याचा त्रास त्याला कारकिर्दीत सोसावा लागला होता.

आता थोडे त्याच्या जडणघडणीविषयी, कारण आपण कोकणातले लोक त्याला हक्काने जवळचा मानतो. फारुख बुल्सारा हे त्याचे जन्मनाव. जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारच्या स्टोन टाउनमध्ये, पारशी कुटुंबात. बुल्सारा हे आडनाव बुल्सार, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. आठव्या वर्षाच्या सुमारास त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवण्यात आले. फ्रेडी हे नाव त्याला तिथेच मिळाले, पियानोचे शिक्षण तिथे झाले, आणि शाळेतल्या मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंदही तिथेच उभा राहिला. पण त्या वाद्यवृंदात तो मुख्य गायक नव्हता. पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच होता आणि फ्रेडी मागे पियानो वाजवत असे. १९६४ साली झांझिबारमधल्या उठावानंतर कुटुंब इंग्लंडला गेले, त्याने ईलिंगमध्ये ग्राफिक कलेचे शिक्षण घेतले, आणि १९७० साली गिटारवादक ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्याबरोबर ‘क्वीन’ची सुरुवात झाली, जॉन डीकन पुढच्या वर्षी आला. त्या सुरुवातीच्या दिवसांत त्याच्या गळ्यात ताकद असली तरी ताबा नव्हता, असे त्याच्या सहकाऱ्यांनीच पुढे मोकळेपणाने सांगितलेले आहे. पाचगणीच्या संस्कारांमुळे त्याच्या गाण्यात मुरक्या आल्या, असे आपल्याकडे ऐकू येते. मी त्या दृष्टीने पुष्कळ ऐकले आणि हिंदुस्थानी पद्धतीची मुरकी मला कुठेही सापडली नाही. १९७८ च्या एका गाण्याच्या आरंभी अरबी धाटणीची हाक आहे, एवढेच. तो आपला होता असे म्हणण्यासाठी पाचगणीची वर्षे आणि पारशी घर पुरेसे आहे. त्याच्या गळ्यात आपला राग शोधण्याची आवश्यकता नाही.

ताबा आला तो कसा, याचे एक मोठे उत्तर स्टुडिओत आहे. १९७५ साली ज्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने त्याचे नाव जगभर झाले, त्याचा ऑपेरासारखा भाग फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनीच गायलेला आहे. त्या काळी २४ ट्रॅकच्या, म्हणजे चोवीस आवाज शेजारीशेजारी स्वतंत्र साठवणाऱ्या टेपवर ध्वनिमुद्रण होई. तिघे मिळून एक ओळ गात, पुन्हा तीच ओळ गात, मग दुसऱ्या स्वरावरची ओळ, आणि ट्रॅक संपले की सगळे एकत्र करून पुन्हा टेपवर उतरवत, असे थरावर थर चढवून तीन गळ्यांतून मोठा समूह उभा करण्यात आला. टेप इतक्या वेळा यंत्रातून फिरली की तिच्यावरचा चुंबकीय थर झिजून ती पारदर्शक दिसू लागली होती, असे ब्रायन मे यांनी सांगितले आहे. या पद्धतीत एक कठोर शिक्षा दडलेली असते. एकच ओळ दहा वेळा जुळवून गायची असेल तर स्वर, शब्दाचा शेवट, श्वास आणि आंदोलनही प्रत्येक वेळी त्याच जागी यावे लागते, आणि आधी आपण काय गायलो ते हेडफोनमधून सतत ऐकावे लागते. स्वतःच्या आवाजाचा इतका निष्ठुर अभ्यास एरवी कोणी करत नाही. १९७६ च्या ‘समबडी टू लव्ह’मध्ये चर्चमधल्या गॉस्पेल वृंदाचा जो भरघोस नाद आहे, तोही याच तिघांनी याच रीतीने उभारलेला आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी मोबाइलवर स्वतःची एकच ओळ पाच वेळा मुद्रित करून पाचही एकदम वाजवायला सांगते. पहिल्या खेपेला बहुतेकांचे चेहरे उतरतात.

रंगमंचावरचे कौशल्य वेगळे, आणि ते समजायला कोकणातला प्रेक्षक मुंबईच्या प्रेक्षकापेक्षा अधिक तयार आहे असे मी गमतीने म्हणत असते. आपल्या दशावतारात राजपार्टी नट प्रवेश करताना आधी उभा राहतो, सभेवरून नजर फिरवतो, आणि पहिला शब्द उच्चारण्यापूर्वीच मंडप ताब्यात घेतो. रात्रभर चालणाऱ्या नाटकात त्याला संहितेचा आधार नसतो, समोरच्या माणसांचा श्वास पाहून तो बोलणे लांबवतो किंवा आटोपते घेतो. फ्रेडीचे अर्ध्या दांडीचा माइक हातात घेऊन उभे राहणे त्याच जातीचे आहे. ती दांडी म्हणे सुरुवातीच्या एका कार्यक्रमात मोडली आणि त्याने ती तशीच ठेवली. तो नुसता दिखावा नव्हता. वजनदार स्टँड नसल्यामुळे उंच स्वराच्या क्षणी माइक तोंडापासून सहज दूर नेता येई आणि हलक्या ओळीला जवळ आणता येई. आवाजाचा तोल ध्वनियंत्रणेकडे पोहोचण्यापूर्वीच तो हाताने साधत होता.

१३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर झालेल्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमात क्वीनला वीस-एकवीस मिनिटे मिळाली होती आणि समोर सुमारे ७२,००० माणसे होती. त्या मिनिटांविषयी इतके लिहिले गेले आहे की मी एकाच गोष्टीकडे लक्ष वेधते. मधल्या भागात वाद्ये थांबतात आणि फ्रेडी एकेक छोटी स्वरावली म्हणतो, लोक ती परत म्हणतात. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रंगमंचापासून शंभर मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला तो स्वर सुमारे ०.३ सेकंद उशिरा ऐकू येतो, त्याचे उत्तर परत यायला तेवढाच वेळ लागतो, आणि मैदानाच्या दोन टोकांची उत्तरे एकाच क्षणी पोहोचत नाहीत. अशा जागी लयीत गाणारा सामान्य गायक गोंधळतो. फ्रेडी आपली ओळ स्वच्छ तोडतो, मागून येणारे उत्तर पूर्ण विझेपर्यंत थांबतो, आणि मगच पुढची फेकतो. स्वरावल्या सोप्यापासून अवघड होत जातात, पण गर्दीच्या आवाक्याबाहेर एकही जात नाही. जी जाते ती तो विनोदाने सोडून देतो. डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, बुवा आणि कोरस यांच्यात चालणारी देवघेव ज्यांनी ऐकली आहे त्यांना हा हिशेब लगेच कळेल. या वीस मिनिटांसाठी त्यांनी आधी वेळ लावून कसून सराव केला होता, हेही विसरू नये.

आपला दुसरा प्रश्न पट्टीचा. याचे उत्तर फ्रेडीनेच देऊन ठेवले आहे. कार्यक्रमांची मुद्रणे लक्षपूर्वक ऐका : स्टुडिओत ज्या जागी तो टोकाचा स्वर घेतो, तिथे रंगमंचावर अनेकदा तो खालचा दुसरा स्वर घेऊन ओळ वेगळी वळवतो. रोज रात्री गायचे आहे हे तो जाणून होता. मूळ गायकालाच जी मुभा होती ती आपल्या मित्राला नाकारण्यात कसली भक्ती? आपल्या पेटीवाल्यासाठी नेमके सांगते. ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चा आरंभ काळी पाचमध्ये आहे, तो तीन स्वर उतरवून पांढरी पाचमध्ये घ्यावा, ‘समबडी टू लव्ह’ काळी चारमध्ये आहे, ते पांढरी चारमध्ये घेऊन पाहावे. इथे तीन स्वर म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्या धरून मोजलेली तीन घरे. आवाज तरीही ताणला गेला तर आणखी एक घर खाली यावे. पट्टी उतरल्यावर खालच्या ओळी खर्जात फार दबत असतील तर त्या तशाच हळू म्हणाव्यात, त्यांना ओढून मोठे करू नये.

घसा बसण्याचे कारण केवळ उंची असेल असे मला वाटत नाही. वरच्या पट्टीत, पखवाजाच्या आवाजावर मात करत गायची सवय भजनी गायकांना असते, आणि त्यात फ्रेडीची खरखर नुसत्या जोराने आणायचा प्रयत्न केला की खऱ्या स्वररज्जू एकमेकींवर आदळत राहतात आणि सुजतात. म्हणून मी त्याला खरखर पूर्ण बंद करायला सांगेन आणि काही आठवडे सगळी गाणी स्वच्छ आवाजात म्हणून घेईन. गाण्याआधी साध्या शीतपेयाच्या नळीतून ‘ऊ’ असा सूर पाच-सात मिनिटे खालीवर करावा. नळीमुळे तोंडात मागे दाब राहतो आणि स्वररज्जू कमी आघाताने जुळतात. दिवसभर पाणी पीत राहावे. मिऱ्याचा काढा, आले-खडीसाखर, आमसुलाचे सार यांनी घशाला बरे वाटते, ते अवश्य घ्यावे, पण गिळलेला पदार्थ अन्ननलिकेत जातो, स्वररज्जूंना तो स्पर्शही करत नाही, तेव्हा ते औषध समजून रात्री पुन्हा ताणून गाऊ नये. आवाज बसल्यावर कुजबुजून बोलणे ही विश्रांती नव्हे. बोलणेच कमी करावे. आणि घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांपलीकडे टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. गाठी सुरुवातीच्या असतील तर बहुधा आवाजाच्या व्यायामानेच त्या बऱ्या होतात. उशीर केला की मार्ग लांबतो.

स्मृतिदिनाच्या कार्यक्रमासाठी मला २० एप्रिल १९९२ चा वेम्ब्लीवरचा श्रद्धांजलीचा कार्यक्रम आठवतो. फ्रेडीच्या निधनानंतर पाच महिन्यांनी तिथे एकामागून एक गायक आले आणि कोणीही त्याची नक्कल केली नाही. जॉर्ज मायकेलचे ‘समबडी टू लव्ह’ आजही लोक काढून ऐकतात, कारण त्यात जॉर्ज मायकेल ऐकू येतो. शेवटी सर्वांच्या पुढे लायझा मिनेली होती, जिचा रॉकशी फारसा संबंध नव्हता. त्या कार्यक्रमाच्या उत्पन्नातून ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ ही एड्सविरोधी कामाला मदत करणारी संस्था उभी राहिली. आपल्याकडेही कोणी पेटीवर, कोणी नुसत्या गळ्याने, कोणी बासरीवर त्याची एकेक चाल मांडली तर ती त्याची अधिक खरी आठवण होईल. तिघा-चौघांनी मिळून स्वरसंगती, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरांवरच्या ओळी, बसवून पाहा. आपल्या भजनात सगळे एकाच स्वरात गातात, त्यामुळे सुरुवातीला दुसऱ्याच्या ओळीकडे ओढले जायला होते. सर्वांत खालची ओळ आधी पक्की करावी आणि वरच्या ओळी त्यावर चढवाव्यात.

ऐकण्याच्या भागासाठी गाणी थोडीच निवडा. माझ्या निवडीत शेवटच्या काळातली दोन गाणी नक्की असतील. १९८७ साली त्याला एचआयव्हीचे निदान झाले होते; त्याच्या जीवनावरच्या २०१८ च्या चित्रपटात ते ‘लाइव्ह एड’च्या आधी घडल्याचे दाखवले आहे आणि त्यामुळे तरुण चाहत्यांत गैरसमज पसरला आहे, तो अशा प्रसंगी दूर करावा. ‘द शो मस्ट गो ऑन’ गाताना तो नीट चालूही शकत नव्हता, असे ब्रायन मे सांगतात, आणि तरी त्या गाण्यात उंच जागांवर आवाज कुठे हटत नाही. लोक याला चमत्कार म्हणतात. माझे वाचन निराळे आहे : शरीर खंगले तरी त्या आजाराने स्वरयंत्र निकामी झालेले नव्हते, स्टुडिओत ओळी तुकड्या-तुकड्यांनी, मध्ये विसावा घेऊन गाता येतात, आणि इतक्या वर्षांत बसलेली घडी अशा वेळी उपयोगी पडते. मे १९९१ मध्ये त्याने ‘मदर लव्ह’चे मुद्रण केले. या गाण्याचे शेवटचे कडवे गाण्यासाठी तो परत येऊ शकला नाही आणि ते ब्रायन मे यांनी गायले. गाणे ऐकवताना तो बदल कुठे होतो हे आधी सांगू नका. मंडळींना स्वतः ओळखू द्या. २३ नोव्हेंबरला त्याने आजाराविषयी जाहीर निवेदन दिले आणि दुसऱ्या दिवशी तो गेला, वयाच्या ४५ व्या वर्षी. अंत्यविधी जरथुस्त्री धर्मगुरूंनी केले.

आपल्या कार्यक्रमानंतर आठवड्यानेच १ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन येतो. भारतात सरकारी केंद्रांतून एचआयव्हीवरची औषधे २००४ पासून मोफत मिळतात, आणि वेळेवर उपचार सुरू केले तर आज हा आजार घेऊन दीर्घकाळ जगता येते. तपासणी व सल्ला केंद्रातल्या समुपदेशकाला पंधरा मिनिटे बोलण्यासाठी बोलावलेत तर ते फ्रेडीच्या स्मरणाशी विसंगत होणार नाही. आपल्या गावांत या आजाराचे नाव अजून दबक्या आवाजात घेतले जाते.

जागेविषयी दोन व्यवहाराच्या सूचना. समुद्रकिनाऱ्यावर कार्यक्रम घेण्याचा मोह होतो, पण मोकळ्या किनाऱ्यावर भिंतींचा आधार नसतो, वारा वरच्या पट्टीचे नाद उडवून नेतो आणि मग ध्वनियंत्रणेवाला केवळ आवाज वाढवत बसतो. त्यातच नोव्हेंबरपासून आपल्याकडे ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम सुरू होतो. दिवे आणि गोंगाट त्यांना नको असतात. एखादा शाळेचा किंवा देवळाचा बंदिस्त सभामंडप उत्तम. उघड्यावर करायचे ठरलेच तर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद करावे लागतात, तेव्हा संध्याकाळी साडेसहाला सुरुवात करावी. त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास जत्रांचा हंगाम सुरू होतो आणि चांगले पेटीवाले व मृदंगवाले रात्रीचे मोकळे नसतात, म्हणून त्यांना आधीपासून विचारून ठेवा.

पाचगणीला जाण्याचा बेत असेल तर पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वर गाठून पुढे जाता येते. सेंट पीटर्स ही आजही चालू असलेली निवासी शाळा आहे, पर्यटनस्थळ नव्हे. तिथे मुले राहतात आणि शिकतात, त्यामुळे आधी लेखी परवानगी घेतल्याशिवाय गटाने आवारात जाऊ नये, आणि परवानगी मिळाली नाही तर फाटकावर आग्रह धरू नये.